गोष्ट घरात लिहून होते, पुस्तक होत नाही

१९५१ साली भास्कर रामचंद्र भागवत आणि लीलावती भागवत या नवरा-बायकोनं मुलांसाठी ‘बालमित्र’ नावाचं मासिक काढलं. पुढं मराठी मुलांना फास्टर फेणे देणारे ते हेच भागवत. आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर ‘वनिता मंडळ’ सांभाळणाऱ्या आणि मुलांसाठी स्वतःही भरपूर लिहिणाऱ्या त्या ह्याच लीलावतीबाई. मासिक चांगलं होतं, पण पैशाचं गणित काही जमलं नाही आणि काही वर्षांनी ते बंद करावं लागलं. मुलांसाठी लिहून आपलं आपणच छापू पाहणाऱ्या मराठी माणसाविषयी बोलायचं, तर सुरुवात त्या घरापासून करावीशी वाटते. तिथं दोन प्रश्न एकाच छपराखाली होते. घर सांभाळून लिहायचं कसं, हा एक. लिहिलेलं छापायचं आणि विकायचं कसं, हा दुसरा. पहिल्यावर आपण खूप बोलतो. घराला खरा ताण देतो तो दुसरा, असं माझं मत आहे, आणि त्यावर फार कमी बोललं जातं.

म्हणून दोघींना बोलतं करतोय. दोघी कल्पनेतल्या आहेत, त्यांचे प्रश्न मात्र नाहीत. गाव बीबी, तालुका लोणार, जिल्हा बुलढाणा. मेहकरहून सिंदखेडराजाकडे जाताना लागतं ते. नणंद मेहकरच्या शाळेत शिकवून निवृत्त झालेली, शाळेचं ग्रंथालयही बरीच वर्षं तिच्याकडेच होतं. भावजय बीबीत असते. नवऱ्याचं कृषी सेवा केंद्र, थोडं वावर, सासू, सातवीतली मुलगी, तिसरीतला मुलगा. तिनं दहा ते तेरा वर्षांच्या मुलांसाठी एक कादंबरी लिहिली आहे. जून २०२०मध्ये लोणारच्या सरोवराचं पाणी गुलाबी झालं होतं. शाळा बंद, घरात एकच मोबाइल, आणि एक मुलगी ते पाणी बघायला घरी न सांगता निघते, अशी गोष्ट. भावजयीला ती स्वतः छापायची आहे. दिवाळीला माहेरी आलेल्या नणंदेनं वही वाचून काढली आहे.

नणंद : चांगली झालीय म्हणून बोलते, नाहीतर गप्प बसले असते. पण छापायची घाई काहून? पोरगी सातवीत, लहाना तिसरीत, आईचे गुडघे धरलेले. चार-पाच वर्षं थांबलीस तर गोष्ट काही नासत नाही.

भावजय : गोष्ट नासत नाही ताई, माझा कान जाईल. घरात बारा वर्षांचं माणूस आहे तोवर त्या वयाचं बोलणं मला ऐकू येतं. आईला काय सांगायचं नाही हे कसं ठरतं, मैत्रीण वर्गात जागा बदलून बसली तर दोन दिवस जेवण कसं जात नाही, हे आज माझ्या डोळ्यांसमोर घडतंय. ती कॉलेजात गेल्यावर मी लिहीन ते माझ्या आठवणीतल्या बाराव्या वर्षाचं असेल. तेव्हाच्या मुलीच्या हातात मोबाइल नव्हता. आजच्या मुलीला ती गोष्ट आईची वाटेल, तिची वाटणार नाही.

नणंद : फास्टर फेणे लिहिला तेव्हा भागवतांची पन्नाशी उलटली होती.

भावजय : पण त्याआधी ते मुलांसाठीच लिहीत होते ना. मासिक चालवलं, ज्यूल व्हर्न मराठीत आणला. मध्ये खंड पाडला नाही. मी पाच वर्षं खंड पाडायचा म्हणताय तुम्ही.

नणंद : मग आपल्या मेहकरचेच घे. ना. घ. देशपांडे. वकिली केली, संसार केला, गाव सोडलं नाही. ‘शीळ’ कविता जी. एन. जोशींच्या आवाजात रेकॉर्डवर निघाली, घरोघर पोचली, आणि संग्रह कधी आला? १९५४ला. तेव्हा ते पंचेचाळिशीत होते. ‘खूणगाठी’ला साहित्य अकादमी मिळाली १९८६ला. थांबल्यानं त्यांचं काय गेलं?

भावजय : काही गेलं नाही, कारण कविता पुस्तकाआधीच गावोगाव फिरली. माझी नव्वद पानं कपाटात राहिली तर कोण ऐकणार? आणि ताई, कवितेचा वाचक थांबतो. विसाव्या वर्षी आवडलेली कविता तो साठाव्या वर्षीही म्हणतो. माझा वाचक तीन वर्षांत निघून जातो.

भावजयीच्या या शेवटच्या वाक्यापाशी थोडं थांबायला हवं. चौथीपर्यंत मूल चित्रांच्या पुस्तकात असतं. नववी लागली की दहावी दिसू लागते आणि अवांतर वाचन घरादाराला खुपायला लागतं. मधली तीन-चार वर्षं मूल स्वतःहून जाडसर पुस्तक उचलतं, एका बसणीला संपवतं, आणि त्यातल्या मुलासारखं वागून बघतं. मराठीत या वयासाठी लिहिणाऱ्यांची परंपरा लहान नाही. ताम्हनकरांचा गोट्या, भागवतांचा फेणे, प्रभावळकरांचा बोक्या सातबंडे. पण बीबीसारख्या गावात या वयाच्या मुलाच्या दप्तरात जे जादा पुस्तक असतं ते नवोदयचं मार्गदर्शक किंवा शिष्यवृत्तीचं. नवोदयची परीक्षा पाचवीत, शिष्यवृत्तीची काही वर्षं पाचवीत आणि आठवीत होती, आता चौथीत आणि सातवीत. म्हणजे नेमक्या वाचायच्या वर्षांच्या दोन्ही टोकांना परीक्षा. पालक पुस्तकावर खर्च करतच नाहीत असं नाही, करतात, पण तो या मार्गदर्शकांवर. नवोदय लागलं तर लेकराचं नशीब बदलतं हे त्यांना दिसतं, आणि ते खोटंही नाही. गोष्टीच्या पुस्तकाला तिथं जागा करून द्यायची तर कुणीतरी हातात नेऊन द्यावं लागतं. बुलढाण्यात नरेंद्र लांजेवारांनी शाळेचे ग्रंथपाल म्हणून मुलांना वाचतं करायला किती धडपड केली हे जिल्ह्यातल्या शिक्षकांना ठाऊक आहे. अशी माणसं गावोगाव नसतात.

नणंद : वाचक निघून जातो, कबूल. आणि आपली लेकरं? तीही निघूनच जातात की. तुझी पोरगीही पाच वर्षांनी शिकायला बाहेर जाईल. तू लिहीत असतेस तेव्हा समोर असतेस आणि नसतेस. लहाना तीनदा हाक मारतो, तू चौथ्या हाकेला ‘हं’ म्हणतेस. काल मी बघितलं.

भावजय : मी दुकानात गिऱ्हाईक नसलं की लिहिते. मोबाइलवर, मग वहीत. पेरणीच्या दिवसांत तर महिना-दीड महिना एक ओळ होत नाही. स्वयंपाक चुकत नाही, पोरांचा अभ्यास चुकत नाही.

नणंद : मी स्वयंपाकाचं म्हणत नाहीये. एनिड ब्लायटनचं नाव ऐकलंयस ना? आमच्या ग्रंथालयात ‘फेमस फाइव्ह’ मराठीतही होतं, मुलांच्या उड्या पडायच्या. जगभरच्या मुलांना तिनं सुट्टी दिली, साहस दिलं. तिची धाकटी मुलगी इमोजेन, तिनं १९८९ला आठवणी लिहिल्या. आईला आपल्यासाठी जागाच नव्हती असं त्या आठवणी वाचून वाटतं. वाचक मुलांना पत्रं जायची, आणि घरातली मुलगी दाराबाहेर.

भावजय : थोरली मुलगी काय म्हणाली तेही सांगा.

नणंद : तिची आठवण वेगळी आहे. तिला आई प्रेमळ आठवते.

भावजय : घर एक, आई एक, दोघी खऱ्या. मग मी कुणाचं धरू?

नणंद : धाकटीचं. थोरलीला काही कमी पडलं नाही, तिची काळजी करायचं कारण नाही.

हे उत्तर मला पटतं. घर आणि लेखन यांचा हिशोब मांडताना आपण बहुतेक वेळा सरासरी काढतो. एकूण बरं चाललंय, असं म्हणतो. पण घरात प्रत्येकजण वेगवेगळं मोजत असतो, आणि कमी पडलेल्याला सरासरीचा उपयोग नसतो. मात्र भावजयीचं पुढचं बोलणंही तितकंच खरं आहे आणि ते नणंदेला सहज खोडता आलं नाही.

भावजय : एक विचारू? ‘श्यामची आई’ तुम्ही किती वर्गांना वाचून दाखवलीत?

नणंद : नोकरीभर.

भावजय : साने गुरुजींनी ते नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. १९३३चा फेब्रुवारी. पाच दिवसांत जवळजवळ सगळं. आईवरचं आपलं सगळ्यात वाचलं गेलेलं पुस्तक एका अविवाहित माणसानं लिहिलं, तुरुंगात, जिथं दाराशी दूधवाला येत नाही. गुरुजींना उणं म्हणायचं पाप मी करणार नाही, त्यांनी ते पुस्तक जिवातून काढलंय. पण सलग पाच दिवस श्यामच्या आईला जन्मात मिळाले असते का? ती स्वतः लिहायला बसली असती तर तिलाही चौथ्या हाकेलाच ‘हं’ म्हणावं लागलं असतं. आईनं लिहिलेलं आपल्याकडं कमी का आहे, याचं उत्तर ह्यात आहे असं मला वाटतं. तुम्ही म्हणता तसं सगळ्या थांबल्या, आणि मग वेळ निघून गेली.

नणंद : सगळ्या थांबल्या नाहीत. मालतीबाई दांडेकरांनी मुलांसाठी लिहिलं आणि मुलांसाठी कसं लिहावं यावर ‘बालसाहित्याची रूपरेषा’ही लिहिली. लीलावतीबाईंनी नोकरी करून लिहिलं.

भावजय : लीलावतीबाईंच्या घरात दुसरं माणूसही तेच काम करत होतं. घरात लिहिण्याला काम म्हणायची पद्धत होती. इथं मी मोबाइलवर बोटं फिरवताना दिसले की शेजारी विचारतात, व्हॉट्सॲपवर इतकं काय असतं?

नणंद : बरं. वेळेचं सोडते. दुसरं सांगते, ते जास्त लागेल. त्या वहीतली मुलगी कोण आहे हे बीबीत कुणाला कळणार नाही असं वाटतंय तुला? पुण्या-मुंबईत चालून जाईल. इथं शाळा एक, रस्ता एक. ती घाबरून विहिरीमागं लपते, तिची पाळी सुरू होते तेव्हा ती आईऐवजी आजीला सांगते. हे आपल्या घरात झालंय. उद्या वर्गातली पोट्टी वाचतील आणि तिला चिडवतील. विनी द पूहचा लेखक माहीत आहे? मिल्न. त्यानं स्वतःच्या मुलाचं नाव जसंच्या तसं पुस्तकात घातलं, ख्रिस्तोफर रॉबिन. जग त्या नावावर भुललं, आणि शाळेत त्या पोराचे हाल झाले. बापाच्या कवितेची तबकडी पोरं त्याला मुद्दाम लावून ऐकवायची. मोठेपणी, १९७४ला, त्यानं आपल्या आठवणींत ते सगळं लिहिलं. बापावरचा सल लवकर गेला नव्हता.

भावजय : नाव बदललंय. गावही बदललंय.

नणंद : सरोवर बदललंयस?

भावजय : सरोवर बदललं तर गोष्ट राहत नाही. १.८ किलोमीटर रुंदीचं उल्केनं पाडलेलं विवर, त्यातलं खारट पाणी, आणि एका सकाळी ते पाणी गुलाबी. शास्त्रज्ञांनी पुण्याला नेऊन तपासलं, सूक्ष्म जीव निघाले. आपल्या तालुक्यातल्या पोरांना हे बातमीत वाचायला मिळालं, गोष्टीत कुणी दिलं नाही. त्यांना वाटतं गोष्टी कोकणात घडतात, पुण्यात घडतात. हे मी सोडणार नाही.

नणंद : सरोवर ठेव. पोरीला विचार.

भावजय : विचारलं. वही तिच्या हातात दिली, म्हटलं, जे नको ते खोड. मला कारण सांगू नकोस.

नणंद : मग?

भावजय : पाळीचं राहू दे म्हणाली. म्हणाली, वर्गात तिघींना माहीतच नव्हतं, त्यांना वाचून तरी कळेल. खोडलं ते वेगळंच. बाबा दुकानात कुणाशी तरी हात जोडून बोलतात, आणि ती दारातून बघते, तेवढा परिच्छेद. आडवी रेघ मारली. चांगला उतरला होता तो.

नणंद : काढलास?

भावजय : काढला.

आपल्याला वाटतं मुलांची लाज कशात असते ते आपल्याला ठाऊक आहे. या वयात ती भलत्याच ठिकाणी असते. घरातलं मूल घेऊन लिहिणाऱ्यानं त्या मुलाच्या हातात खोडण्याचा हक्क द्यावा, आणि खोडलेला भाग सगळ्यात चांगला असला तरी तो जाऊ द्यावा, असं मला ठामपणे वाटतं. यावर वाद घालणारे लेखक आहेत. कला मोठी की मूल, असा प्रश्न ते करतात. मूल बारा वर्षांचं असेल आणि गाव पाच-सात हजारांचं, तर तो प्रश्न सुटलेला आहे.

आता दुसरा प्रश्न, पैशाचा.

नणंद : ‘किशोर’ला पाठव ना. १९७१पासून बालभारती चालवतेय, शाळाशाळांत जातं. तुझा खर्च नाही, धावपळ नाही.

भावजय : दोन गोष्टी पाठवल्यात. पण नव्वद पानांची कादंबरी मासिकात कशी बसेल? एका प्रकाशकाकडं विचारून बघितलं. पैसे आमचे, छपाई त्यांची, दोनशे प्रती आमच्या माथी. बाकीच्या किती छापल्या हे आम्हाला कळणार नाही. पैसे आपलेच जाणार असतील तर पुस्तक तरी आपल्या मनासारखं होऊ दे.

नणंद : साहित्य आणि संस्कृती मंडळ पहिल्या पुस्तकाला अनुदान देतं. नवलेखकांसाठी.

भावजय : अर्ज करणार आहे. मिळालं तर देवाची कृपा. पण त्याच्या आशेवर थांबायचं नाही. हे बघा, हिशोब मांडलाय. डेमी आकार, ९६ पानं, म्हणजे सोळा पानी सहा फॉर्म. आत मॅपलिथो, वर रंगीत मुखपृष्ठ. ऑफसेटला प्लेटांचा खर्च अंगावर येतो, तो निघायला हजार प्रती तरी हव्यात. म्हणून डिजिटल, तीनशे. प्रत थोडी महाग पडते, पण घरात खोके साचत नाहीत. आयएसबीएन दिल्लीच्या राजा राममोहन राय एजन्सीकडून फुकट मिळतो. पुस्तकाच्या विक्रीवर जीएसटी नाही. १९५४च्या कायद्यानं कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन ग्रंथालयांना एकेक प्रत पाठवायची.

नणंद : चित्रं?

भावजय : चित्रकाराला पैसे द्यायचेच. तिथं ओळखीवर काढून घ्यायचं नाही. या वयाची पोरं चित्र खोटं असलं की लगेच ओळखतात.

नणंद : आणि मुद्रितं कोण वाचणार?

भावजय : तेच तर. मोबाइलवरचं युनिकोड प्रेसवाल्याच्या जुन्या फॉन्टात नेलं की जोडाक्षरं फुटतात, रफार भलत्या अक्षरावर बसतो. ९६ पानं ओळीनं वाचायची, दुरुस्ती झाली की पुन्हा वाचायची.

नणंद : ऐक. तू वर्षभर लिहीत होतीस, घरात कुणाला फारसं कळलंही नाही. म्हणजे लिहिणं निभतं, मी माघार घेते. घर हलणार आहे ते इथून पुढं. मुद्रितं, प्रकाशन समारंभ, पाहुण्याला आणणं-नेणं. मग शाळाशाळांतून मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर बसणं. दुकानदाराला कमिशन, तेही पुस्तक विकलं तर. वाचनालयांचं अनुदान आलं की पैसे देतात, कधी येईल ते सांगता येत नाही. आणि हे सगळं कधी? मुलांची पुस्तकं खपतात दिवाळीच्या सुट्टीत. त्याच्या आधी ती छापून हवीत. म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबर प्रेसमध्ये, आणि ऑक्टोबरात सोयाबीनची सोंगणी. मजूर मिळत नाहीत तेव्हा तू वावरात असशील की मेहकरच्या प्रेसमध्ये?

भावजय : म्हणून दिवाळी धरतच नाही. मोठे प्रकाशक दिवाळी धरतात, त्यांना वावर नाही. आपण १२ जानेवारी धरू. जिजाऊ जयंती. सिंदखेडराजाला केवढी गर्दी असते, पुस्तकांचे स्टॉल रांगेनं लागतात. माणसं तिथून पुस्तक घेऊन घरी जातात, तशी रीतच पडलीय. तिथं एक टेबल.

नणंद : तिथं लोक इतिहास घेतात, विचारांची पुस्तकं घेतात. आणि तुरी कोण काढणार जानेवारीत?

भावजय : एक दिवस निघतो ताई. बारा तारखेचा. बाकीची विक्री टपालानं. मे २०२५पासून ‘ज्ञान पोस्ट’ सुरू झालंय, ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, पाच किलोपर्यंत १००. बीबीच्या पोस्टातून पुस्तक कुठंही जाईल.

नणंद : आणि पाकिटं कोण चिकटवणार? पोरगी. संध्याकाळी अभ्यास सोडून. तू तिला बसवणार नाहीस, ती आपणहून बसेल, आणि तुला ते गोड वाटेल.

भावजय : अमेरिकेत ख्रिस्तोफर पाओलिनीचं ‘एरागॉन’ त्याच्या आईबापांनी घरीच छापलं, २००२ला. सगळं घर लागलं होतं. तो स्वतः शंभरावर शाळांत, ग्रंथालयांत जाऊन बोलला. वर्षभरात मोठ्या प्रकाशकानं घेतलं.

नणंद : तिथं पुस्तक पोराचं होतं आणि राबत होते आईबाप. इथं पुस्तक आईचं आणि राबणार पोरगी. आणि तोच पोरगा पुढं काय म्हणाला? आणखी दोन-तीन महिने पुस्तक चाललं नसतं तर घर विकावं लागलं असतं. आपण त्यातला यशाचाच भाग ऐकतो. बीट्रिक्स पॉटरचं उदाहरण दे, ते मी ऐकेन. प्रकाशक घेईनात म्हणून तिनं १९०१ला ‘पीटर रॅबिट’ स्वतः छापलं, अडीचशे प्रती. परवडेल तेवढंच. संपल्या, मग पुन्हा. पण तिच्या घरी तेव्हा लेकरंबाळं नव्हती, आणि वावरही नव्हतं.

या ठिकाणी दोघी बऱ्याच जवळ आल्या आहेत, भांडण संपलं नसलं तरी. लिहिणं फटीत बसतं. गिऱ्हाईक गेलं आणि दुसरं यायचंय, त्या मधल्या वेळात एक परिच्छेद होतो. विकण्याला अशा फटी चालत नाहीत. शाळा दहा ते पाच उघडी असते, प्रेसवाला सांगेल त्या दिवशी जावं लागतं, उधारी मागायला माणूस समोर गाठावा लागतो. बाईनं लिहिलं की घराला कौतुक असतं, विकायला बाहेर पडली की प्रश्न सुरू होतात. ‘बालमित्र’ला चांगल्या लेखकांची वाण नव्हती. मुलांचं मासिक काढून त्याचे पैसे वसूल करणं हे वेगळंच काम आहे, आणि ते लिहिणाऱ्यानंच करावं अशी अपेक्षा आपण फार सहज करतो. आज मोबाइल आणि डिजिटल छपाईनं ‘स्वतः छापा’ म्हणणं सोपं झालंय. ‘स्वतः वसूल करा’ हे पूर्वीइतकंच अवघड आहे. म्हणून घरात कामं वाटताना फक्त भाजी कोण चिरणार एवढं वाटून भागत नाही. पुस्तकाचं काम वाटलं पाहिजे.

भावजय : वसुली मला जमणार नाही हे मला माहितेय. पण आपल्या घरात ती कुणाला जमते? तुमच्या भावाला. जूनमध्ये बियाणं-खत उधारीवर देतात, पैसे सोयाबीन निघाल्यावर. कुणाकडं किती, कुणाला कधी विचारायचं, कुणाला विचारायचंच नाही, सगळं पाठ आहे. त्यांच्या उधारीच्या वहीत चार पानं पुस्तकांची.

नणंद : त्याला विचारलंस?

भावजय : परवा विचारलं. म्हणाले, दुकानदार मी बघतो, शाळा बघणार नाही. मास्तर लोकांकडं पैसे मागायला लाज वाटते.

नणंद : शाळा मी बघते. मेहकर, लोणार, सुलतानपूर. माझे विद्यार्थी तिथं मास्तर आहेत, त्यांच्याकडं मागायला मला लाज नाही. मुद्रितंही माझ्याकडं दे, दुसरं वाचन माझं. पण तीन गोष्टी. पोरगी पाकिटाला हात लावणार नाही, सुट्टीतसुद्धा नाही.

भावजय : सुट्टीत तिला हौस असते.

नणंद : हौस असेल तर वाचायला सांग. दुसरं, पैसे पोरांच्या नावच्या ठेवीतले नकोत आणि पेरणीचे नकोत.

भावजय : शिलाईचे आहेत माझे. तेवढ्यातच बसवलंय, म्हणून तीनशे.

नणंद : तिसरं, हे चाललं तर लगेच दुसरं नाही. एक वर्ष मध्ये.

भावजय : ते नाही कबूल करत. छापायचं वर्षानं, ठीक. लिहायला सुरुवात झालीय.

नणंद : झालीय?

भावजय : लहान्याचं वय होतंय ताई. दोन वर्षांत तोही दहाचा.

तिसऱ्या अटीवर त्यांचं जमलं नाही, आणि ते जमेल असं मला वाटत नाही. नणंदेला चौथी हाक अजून ऐकू येते. भावजयीला आणखी दोन वर्षांनी येणारा वाचक आत्ताच दिसतोय. धाकट्याच्या बाजूनं बोलणारं कुणीतरी घरात आहे, ही मात्र त्या घराची मोठी जमेची गोष्ट. ब्लायटनच्या घरी तसं कुणी होतं का, कोण जाणे.

नणंद : बरं, तीनशेतल्या दीडशे उरल्या तर?

भावजय : तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांना देऊन टाकीन. सहावी-सातवीच्या वर्गाला पाच-पाच.

नणंद : फुकट नको. फुकट आलेलं पुस्तक कपाटात जातं. लेखक येऊन देऊन जायचे, आम्ही शिक्का मारायचो, नोंद करायचो, कुलूप लावायचो. ज्याला पैसे पडले ते पुस्तक मुलांच्या हातात यायचं, कारण पैसे दिले म्हणून मुख्याध्यापक विचारायचे, वाचलं का कुणी. किंमत लाव.

भावजय : शंभर रुपये कोण देईल?

नणंद : शंभर नको. मुलाला स्वतः देता येतील एवढे. सहावीतलं पोरगं जत्रेत किती खर्च करतं?

भावजय : तीस. चाळीस.

नणंद : मग शाळेसाठी तीस. अंगावर किती येतात ते तुझ्या नवऱ्याच्या वहीत मांड, आणि आकडा मला दाखव. मग मी सांगते, शंभर प्रती शाळेला की पन्नास.